बरे करणारा हात कोणाचा?

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाला लागून, एक पुतळा आहे. गोव्यातील आपल्या वाचकांनी तो शंभरदा पाहिला असेल, पाहुण्यारावळ्यांना दाखविलाही असेल. झगा घातलेला एक पाद्री उभा आहे, त्याचे हात पुढे पसरलेले आहेत, आणि त्या हातांखाली एक स्त्री मागे कोसळत आहे. हे आबे फरिया. मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ सालचा आहे. पुतळा फार जोरकस आहे, लहान मुले त्याच्यापुढे बिचकतात. परंतु त्यात एक गंमत आहे. या पाद्र्याने पॅरिसमध्ये लोकांना जे शिकविले, त्याच्या अगदी उलट हा पुतळा सांगतो.

जोझे कुस्तोदियु फरिया हे बार्देशातील कांदोळी गावचे, जन्म १७५६. वडिलांबरोबर ते मुलगा असतानाच पोर्तुगालला गेले, रोममध्ये शिकून पाद्री झाले आणि फ्रान्सच्या राज्यक्रांतीच्या सुमारास पॅरिसमध्ये येऊन राहिले. त्या काळी मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या मताचा युरोपात मोठा बोलबाला होता. माणसाच्या शरीरात लोहचुंबकाच्या गुणाचा एक अदृश्य द्रव असतो, उपचार करणारा आपल्या हातांनी तो रोग्याकडे वळवितो आणि त्यामुळे रोग्याला गुण येतो, असे या पंथाचे लोक मानीत. फरियांनी १८१३ साली पॅरिसमध्ये जाहीर व्याख्याने सुरू केली आणि असला द्रव वगैरे काही नाही असे स्पष्ट सांगितले. ते माणसाला खुर्चीत आरामात बसवीत, मन एकाग्र करायला लावीत आणि मग मोठ्याने एकच आज्ञा देत : झोप! पुष्कळांना झोप लागे. पण ही झोप आपल्या हातांतून निघत नाही, ती झोपणाऱ्याच्या मनातून येते, ज्याचे मन तयार नाही त्याला आपण झोपवू शकत नाही, असे ते उघडपणे म्हणत. एका नटाने झोपेचे सोंग करून त्यांची फजिती केली, रंगभूमीवर त्यांची टवाळी झाली, आणि १८१९ साली, त्यांचा ग्रंथ ज्या वर्षी निघाला त्याच वर्षी, ते वारले. त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. रक्त पातळ असणाऱ्यांना ही झोप लवकर लागते अशी त्यांची एक समजूत होती, ती चुकीची होती. पण मुख्य मुद्द्यावर पुढच्या विज्ञानाने त्यांनाच दुजोरा दिला. पुतळ्यात मात्र सगळी शक्ती त्यांच्या हातांतूनच निघताना दिसते.

हा केवळ एका पुतळ्याचा प्रश्न असता तर मी लेखणी उचलली नसती. मन आजारी झालेल्या माणसाला बरे करणारा हात कोणाचा, डॉक्टरचा, पाळकाचा, की त्या माणसाचा स्वतःचा, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आज आहे. आपण त्याच्याविषयी मोठ्याने बोलत नाही, एवढेच.

फरियांवर १९२५ साली पोर्तुगीज भाषेत एक पुस्तक निघाले. त्याचे लेखक एगास मोनिझ हे लिस्बनचे नामांकित मेंदूतज्ज्ञ. फरियांना विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे योग्य स्थान मिळावे म्हणून त्यांनी परिश्रम घेतले. आणि याच मोनिझसाहेबांनी दहा वर्षांनी, १९३५ साली, मनोरुग्णाच्या कवटीला भोक पाडून मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू निकामी करण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्याबद्दल त्यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शक्ती रोग्याच्या मनात असते असे सांगणाऱ्याचा चरित्रकार, आणि रोग्याचे मन सुरीने गप्प करणारा, हे दोघे एकच गृहस्थ. माणसाचे ज्ञान आणि माणसाचे हात पुष्कळदा एकमेकांना ओळखत नाहीत.

ही शस्त्रक्रिया ज्या अनेक देशांत पसरली त्यात ब्राझीलही होता. तेथील एका बाईंची हकीकत मला मुख्यतः सांगावयाची आहे.

डॉ. नीसे दा सिल्वेइरा यांचा जन्म १९०५ चा, ईशान्य ब्राझीलमधील मासेयो शहरातला. वैद्यकाच्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. १९३६ साली एका परिचारिकेने त्यांच्याकडे मार्क्सची पुस्तके आहेत अशी चुगली केली आणि बाईंना सुमारे दीड वर्ष तुरुंगात काढावे लागले. त्यानंतर सरकारी नोकरी पुन्हा मिळायला १९४४ साल उजाडले. रिओ द जानेरोच्या एंजेन्यो दे देन्त्रो या उपनगरातील मोठ्या मनोरुग्णालयात त्या रुजू झाल्या तेव्हा नवे उपचार जोरात होते : विजेचे झटके, इन्शुलिन देऊन आणलेली बेशुद्धी, आणि मोनिझसाहेबांची सुरी. विजेचा झटका त्या काळी भूल न देता देत. एका सहकाऱ्याने बाईंसमोर एका रोग्याला झटका दिला, रोग्याला फेफरे आले, त्याला उचलून नेले. पुढचा रोगी निजविला आणि सहकारी म्हणाला, आता तुम्ही बटण दाबा. बाईंनी दाबले नाही.

मग अशा डॉक्टरणीचे करायचे काय? तिला जो विभाग कोणालाच नको होता त्यात पाठविले. त्याला व्यवसायोपचार म्हणत, पण तेथे उपचार नव्हता आणि व्यवसायही नव्हता. रोगी झाडलोट करीत, फरशी पुसत. बाईंनी त्यांच्या हातातील झाडू काढून घेतले आणि १९४६ साली एका तरुण चित्रकाराच्या मदतीने तेथे रंग, कुंचले, कागद आणि माती आणून ठेवली. काय काढायचे ते कोणी सांगायचे नाही. सोबतीला बसणाऱ्या मदतनिसाने शिकवायचे नाही, वाखाणायचे नाही, घाई करायची नाही. त्याने नुसते आपुलकीने जवळ असायचे. रसायनशास्त्रात काही पदार्थ नुसते हजर असले की दुसऱ्यांची क्रिया सुरू होते, तसे प्रेमाचे असते असे बाई म्हणत. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. 'पेशंट' हा शब्द त्यांना आवडेना, कारण मुळात त्याचा अर्थ सोसणारा असा आहे. त्या आपल्या माणसांना 'क्लायंट' म्हणू लागल्या. आपल्याकडे हा शब्द ऐकला की वकिलाचे ऑफिस आठवते, तो मला फारसा रुचत नाही. पण त्यामागची कळकळ खरी आहे.

त्यांच्या माणसांपैकी फर्नांदो दिनिझ यांची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. आई शिवणकाम करणारी, अतिशय गरीब. ती रिओतील श्रीमंतांच्या घरी कामाला जाई तेव्हा पोर तिच्याबरोबर असे आणि ती मोठी घरे, तो पियानो, ते गालिचे डोळे भरून पाही. त्याला इंजिनियर व्हायचे होते. तशाच एका घरातील मुलीवर त्याचे मन बसले होते, तिचे लग्न झाल्याचे कळले तेव्हा त्याने शिक्षण सोडले. पुढे १९४४ साली समुद्रात उघड्या अंगाने पोहताना पोलिसांनी पकडले आणि मनोरुग्णालयात पोहोचविले. काही वर्षांनी तो बाईंच्या चित्रशाळेत आला. त्याची आधीची चित्रे म्हणजे वस्तूंचा नुसता ढीग, एकात एक घुसलेल्या. मग एकेक वस्तू सुटी होऊ लागली : एक खुर्ची, एक टेबल, एक फळ. मग खाली जमीन आली, मागे भिंत आली. आणि बऱ्याच काळाने एक अख्खी खोली, पियानो आणि पडदे यांसह, आपापल्या जागी नीट मांडलेली. लहानपणी दुसऱ्याच्या दारात उभे राहून जे घर त्याने पाहिले होते, ते त्याने स्वतःच्या हातांनी वस्तू वस्तू लावून उभे केले. याला खेळ म्हणावे की औषध म्हणावे? ज्याच्या मनातील जमीनच खचली आहे त्याने आधी जमीन रंगविली, हे कोणत्याही डॉक्टरला त्याला सांगता आले नसते.

आदेलिना गोम्स ही शेतकऱ्याची मुलगी. अठराव्या वर्षी ज्याच्यावर प्रेम जडले त्याला आईने नाकारले, आणि एके दिवशी तिने घरातील मांजर गळा दाबून मारले. १९३७ साली तिला रुग्णालयात आणले. चित्रशाळेत तिने मातीच्या रुंद, भारदस्त बाया घडविल्या, आणि चित्रांत पुन्हा पुन्हा फूल होत जाणारी स्त्री काढली. मांजरेही काढली. बाई चित्रे ओळीने लावून तासन् तास पाहत बसत. एक चित्र काही सांगत नाही, पन्नास चित्रे मिळून बोलतात, असा त्यांचा अनुभव होता.

आणि लुसिओ. हा मातीचे योद्धे घडवी. ते इतके ताकदीचे होते की कलेचे जाणकार थबकून पाहत. त्याच्यावर मेंदूची शस्त्रक्रिया करावयाचे ठरले. बाईंनी विरोध केला, तो चालला नाही. शस्त्रक्रियेनंतरही त्याच्या हातात माती दिली गेली. त्याने जे केले त्यात पूर्वीच्या हातांची काही ओळख उरली नव्हती. लुसिओ शांत झाला होता.

येथे मला आपल्या भाषेतील एक शब्द आठवतो. 'स्वस्थ' म्हणजे स्वतःच्या ठायी असलेला. त्यावरून आपण 'स्वास्थ्य' म्हणतो. पण घरात पोर दंगा करू लागले की आपण त्याला ओरडतो, स्वस्थ बस! तेथे अर्थ निराळा : हलू नको, आवाज करू नको, मोठ्यांना त्रास देऊ नको. मनोरुग्णाच्या बाबतीत हे दोन अर्थ आपण फार सहज एकमेकांत मिसळतो. त्याचा त्रास आपल्याला थांबला की तो बरा झाला असे आपण धरून चालतो. समग्र मानसोपचार ज्याला म्हणतात तो याच ठिकाणी वेगळा होतो. शरीर, मन, हात, आठवणी, नातीगोती आणि श्रद्धा अशा सगळ्यांसकट माणूस पुन्हा आपल्या ठायी येतो आहे काय, हे तो पाहतो.

पण वाचक विचारतील, ही माणसे बरी झाली काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देऊ नये. फर्नांदो १९९९ साली वारला. चित्रांमुळे त्याचा आजार नाहीसा झाला असे म्हणता येणार नाही. १९५२ साली बाईंनी या चित्रांचे जे संग्रहालय स्थापन केले त्यात आता साडेतीन लाखांहून अधिक कृती आहेत. १९५७ साली झुरिकला त्यांतील काहींचे प्रदर्शन झाले तेव्हा मानसशास्त्रज्ञ युंग यांनी ते स्वतः पाहिले. पण संग्रहालय भरले म्हणजे रुग्णालय रिकामे झाले असा त्याचा अर्थ नव्हे. सुटून गेलेली माणसे पुन्हा पुन्हा दाखल होत. त्यांच्यासाठी बाईंना १९५६ साली उघड्या दारांचे एक वेगळे घर काढावे लागले. शिवाय त्यांचा गोळ्यांवरही फारसा विश्वास नव्हता. येथे मी त्यांच्याबरोबर नाही. १९५२ पासून जी औषधे आली त्यांनी असंख्य माणसांना साखळदंड आणि कोठडी यांतून घरी आणले आहे. विजेचा उपचारसुद्धा आज भूल देऊन केला जातो आणि तीव्र खिन्नतेत त्याचा उपयोग होतो. भूल दिल्याशिवाय तो करण्यास आपल्या देशाच्या २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे, आणि रोग्याला साखळीने बांधण्यासही. कोणी हा लेख वाचून घरच्या माणसाच्या गोळ्या बंद केल्या आणि त्याला रंगपेटी आणून दिली, तर ते पाप माझ्या माथी येईल.

तरीही मला वाटते की बाईंना एक गोष्ट कळली होती जी त्यांच्या सहकाऱ्यांना कळली नव्हती. आधी बरे होणे आणि मग काहीतरी करणे, असा क्रम त्यांनी मानला नाही. आवारात सापडलेले कुत्र्याचे एक बेवारशी पिल्लू त्यांनी एका रोग्याच्या हाती दिले आणि विचारले, याला सांभाळशील? ज्याला स्वतःला सांभाळता येत नाही असे कागदावर लिहिले होते, त्याला त्यांनी दुसऱ्या जीवाचा सांभाळ दिला. त्याने तो केला. कुत्री आणि मांजरे यांना त्या पुढे आपले सहउपचारक म्हणत.

आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांना जवळचे असे दुसरे एक नाव येथे सांगितले पाहिजे. अँटन बॉयसन हे अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन पाळक. १९२० साली त्यांचे स्वतःचे मन ढासळले आणि त्यांना पंधरा महिने मनोरुग्णालयात काढावे लागले. तेथे त्यांना जाणवले की आपल्याला जे भास होतात त्यांत काय आहे हे कोणीच विचारीत नाही. जग बुडते आहे, आपल्यावर मोठी जबाबदारी आहे, असे ते सांगत आणि डॉक्टर ते टिपून पुढे जात. बॉयसन बाहेर आले, अभ्यास केला, आणि १९२४ साली वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मसेवक म्हणून गेले. पुढच्या वर्षी त्यांनी ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी तेथे आणले. पुस्तके वाचता तशी ही जिवंत माणसे वाचायला शिका, असे त्यांचे सांगणे होते. आजही अनेक देशांत पाळकांना रुग्णालयात जे शिक्षण दिले जाते त्याचा उगम तेथे आहे. त्यांनाही पुढे पुन्हा तो आजार झाला, आणि त्यातूनही ते कामावर परतले. पूर्ण बरे झाल्याचा दाखला मिळेपर्यंत ते थांबले असते तर हे काम कोणी सुरू केले असते कोण जाणे.

आता घरचे सांगतो. बेळगाव भागातील आमच्या मंडळीत वीसेक वर्षांपूर्वी एक तरुण होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि उपासनेत तबला वाजवी. हात फार गोड. त्याला आवाज ऐकू येऊ लागले, काही महिने रुग्णालयात राहून तो परत आला. गोळ्यांनी आवाज कमी झाले होते, जीभ जड झाली होती. दर रविवारी मंडळीतला प्रत्येक जण त्याला एकच विचारी, "गोळ्या घेतोस ना रे?" विचारणारे सगळे प्रेमाचे होते. मीही होतो. तो प्रत्येकाला "होय" म्हणे.

त्याचे वडील शाळामास्तर. त्यांनी पंचकमिटीपुढे येऊन विनंती केली की मुलाला पुन्हा तबल्यावर बसू द्यावे, डॉक्टरांची हरकत नाही. आमच्यातील एक वडील माणूस समजुतीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, आधी पोरगं पूर्ण बरं होऊ दे, मग बघू. उपासना चालू असताना काही झालं म्हणजे?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी पंच होतो, त्यांचा शेजारीही होतो. मी खाली वहीत पाहिले. खरे सांगायचे तर मलाही तीच भीती वाटत होती, आणि दुसऱ्याने बोलून दाखविली म्हणून बरेच वाटले.

मुलगा त्यानंतर शेवटच्या बाकावर बसू लागला. गीत सुरू झाले की त्याची बोटे पुढच्या बाकाच्या पाठीवर चालत. एकदोघांनी वळून पाहिले तेव्हा ती थांबली.

मार्काच्या पाचव्या अध्यायातील गृहस्थाविषयी मी तोपर्यंत दोन वेळा तरी संदेश दिला होता. कबरांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा तो माणूस. प्रभूने त्याला नाव विचारले, हे मी दोन्ही वेळा सांगितले होते. पण पुढचा भाग मी नीट वाचला नव्हता असे आता वाटते. तो माणूस कपडे घालून शुद्धीवर बसलेला पाहिल्यावर गावकऱ्यांना आनंद झाला नाही, भीती वाटली. तो कबरांत ओरडत होता तोवर त्यांची काही व्यवस्था लागलेली होती, साखळ्या होत्या, तो कोठे असतो ते ठाऊक होते. आता तो त्यांच्यात येऊन बसणार होता. आणि त्याच दिवशी, सहा महिने वाट न पाहता, प्रभूने त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठविले आणि त्याच्यावर काम सोपविले. दकापलीसमध्ये जाऊन सांगणारा तो पहिला माणूस झाला. आमच्या कमिटीपुढे तो अर्ज घेऊन आला असता तर काय झाले असते हे मला ठाऊक आहे.

मास्तर वारल्यावर थोरल्या बहिणीने भावाला वडोदऱ्याला नेले. तिच्याकडून पत्रे येत. गोळ्या चालू आहेत, मध्ये एकदा पुन्हा दाखल करावे लागले, आता सोसायटीतील मुले संध्याकाळी त्याच्याकडे तबला शिकायला येतात, चार मुले आहेत, पैसे घेत नाही, कधी कधी एखाद्या दिवशी दार लावून घेतो, तेव्हा मुले परत जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

गेल्या नाताळाला तो बहिणीबरोबर आला होता. केस पांढरे होऊ लागले आहेत. उपासना सुटल्यावर सगळे अंगणात चहा घेत उभे होते आणि मी मंदिरात दिवे बंद करीत होतो, तेव्हा तो आत आला. मी काय विचारणार हे त्याला माहीत होते, म्हणून मी विचारायच्या आधीच म्हणाला, "घेतो, काका." मग कोपऱ्यातल्या कपाटाकडे पाहत म्हणाला, "तबला-डग्गा अजून त्यातच आहे?"

मी म्हटले, "आहे. पण तू गेल्यापासून कोणी काढला नाही. आता कीबोर्डवरच भागवतो."

"पुडी गेली असेल," तो म्हणाला. "किल्ली आहे?"

किल्ली पाळकसाहेबांकडे होती. मी त्याला थांब म्हटले आणि आणायला गेलो.